डाव्या चाकातला आवाज

चांदणी चौक उतरताना तो यायचा,
पन्नासच्या पुढे, भुंगा डबीत कोंडल्यासारखा.
उजवीकडे वळलं की वाढायचा, डावीकडे गप्प.
वैजयंती म्हणायची, काच वर कर, वारा आहे.
मी काच वर करायचो. आवाज आतच राहायचा.
अकरा वर्षं आम्ही त्याच्यावरून ओरडून बोललो:
दूध सांगितलंस का, लॉकरची किल्ली कुठाय,
मुलीचा फोन आला होता, काय म्हणाली,
काय म्हणाली?

गाडी हेराल्ड, एकोणीसशे एकोणसत्तरची.
मूळचा रंग कुठला यावर घरात दोन मतं.

साळवे घोरपडीहून रिक्षाने आले.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन दिवाळीनंतर.
"मी खुर्चीत बसतो. हात तुमचे."
खडकीच्या दारुगोळा कारखान्यात मी चौतीस वर्षं
जमाखर्च लिहिला.
हात माझे, असं कुणी कधी म्हणालं नव्हतं.

चाक उतरलं. डस्ट कॅप टुणकन उडाली,
घरंगळत दातारांच्या स्कूटरखाली.
कॉटर पिन गंजलेली, सरळ करताना तुटली.
"तुटायचीच. पिन दरवेळी नवी."
नट, वॉशर, मग बाहेरचं बेअरिंग
तळहातावर आपणहून घसरलं.
ग्रीस कसलं, आमसुलाचा कोळ.
साळव्यांनी रोलरांवरून नख फिरवलं,
एका जागी थांबले. "इथे. खड्डा आहे, बघा."
मला दिसेना. त्यांना दिसत नव्हतंच.

नाना पेठेत शब्बीरभाईंनी व्हर्नियर लावला,
पुसट नंबर उजेडात तिरका धरून वाचला,
आत गेले. शिडी सरकल्याचा आवाज, एक शिंक,
आणि तेलकट कागदात दोन बेअरिंगं, आतलं नि बाहेरचं.
"फेल्टचं सील? साहेब, ते बनवणारे गेले,
वापरणारेही गेले. तुम्ही कसे राहिलात?"

मग बुधवार पेठ. पेट्या दुरुस्त करणारे नागेश गुरव
पट्ट्यांखाली घालायचं लाल फेल्ट ठेवतात.
कात्री गोल फिरवत त्यांनी विचारलं, "काळी चार?"
म्हटलं, डावं पुढचं.

जुनी रेस हबमधून निघेना.
"पितळ हवं. लोखंडानं ठोकलंत तर व्रण राहतो."
घरात पितळ एकच, खलबत्त्याचा दस्ता.
वैजयंती बँकेत गेलेली.
टक् इकडे, टक् समोर, पुन्हा इकडे,
जरा तिरकी झाली की परत पहिल्यापासून.
नवी बसवताना एकदम टक् चा ठक् झाला.
"बसली," खुर्चीतून.

ग्रीस तळहाताच्या खळग्यात घ्यायचं
आणि बेअरिंग त्यात दाबत राहायचं,
पुरणयंत्रातून चक्का यावा तसं
पलीकडून येईस्तोवर.
फेल्ट तेलात भिजून तपकिरी झालं.

मी नट आवळत गेलो.
"चाक फिरवत राहा. अजून. अजून. बास.
आता एक पैलू मागे घ्या."
सैल राहील की, मी म्हणालो.
"राहू द्या. कळेल न कळेल इतकं हललं पाहिजे."
हललं. किंवा मला वाटलं.
ते उठले, चाचपत आले,
टायरला वर एक हात, खाली एक,
डोळे मिटले, मिटून काय फरक पडणार होता.
"घाला पिन."

संध्याकाळी चांदणी चौक. पन्नास. साठ.
काहीच नाही.
इंडिकेटरची टिकटिक. स्टेपनीजवळ पाना लवंडला, तो.
वैजयंतीच्या श्वासात एक बारीक शिट्टी आहे,
कधीपासून, माहीत नाही.
"मुलीचा फोन आला होता!" ती ओरडली, सवयीने,
आणि स्वतःच दचकली.
पुढचं हळू सांगितलं, माझ्याकडे न बघता,
भूगावपर्यंत पुरेल इतकं होतं ते.

उजवं चाक अजून राहिलंय.
आज सकाळी चहाला ग्रीसचा वास.
दस्ता नाकाशी धरून ती ओट्यापाशी उभी आहे.
मी पेपरामागे.